धुण्याचा दगड

चुलतभावाचा नातू हैदराबादहून फोन करतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. नुसतं ‘आजी, कशी आहेस’ विचारायला तो वर्षातून एकदा, दिवाळीला फोन करतो, आणि तोही त्याच्या आईनं पाठीत धपाटा घातल्यावर. त्यामुळे भर उन्हाळ्यात फोन आला तेव्हा मी सरळच म्हटलं, “काय पाहिजे ते बोल.”

“आजी, आमच्या अपार्टमेंटला पंचवीस इयर्स होतात. सोव्हेनिर काढतोय. इथे पहले तुमचा बंगला होता ना, त्याची हिस्टरी लिहून दे. ओनर्स कौन कौन थे, वगैरा. दोन पेज बस. इंग्लिशमध्ये दिलं तर भोत अच्छा, मराठी वाचायला मला टाइम लागतो.”

“मराठीतच देईन,” मी म्हटलं. “लागू दे टाइम.”

बरकतपुऱ्यातला तो बंगला नीट पाहिलेलं आमच्या घरात माझ्याशिवाय आता कुणी उरलं नाही, म्हणून ही पाळी माझ्यावर आली. वही घेऊन बसले. मालक चार, ते पाठ आहेत. पण घराची हकीकत मालकांच्या यादीत संपत नाही, आणि न संपणाऱ्या भागात माझं तोंड काळं आहे. साठ वर्षं मी तो भाग कुणाला सांगितला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याला मी बाकी सगळं सांगायची, त्याला नको असलेलंही.

बंगला बांधला एका इंग्रज इंजिनीअरनं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात रेल्वेच्या कामावर आलेला माणूस, त्याला काचीगुड्याच्या उन्हात आपल्या गावचं घर हवं होतं. म्हणून मग बर्फ घसरून पडावा असं उतरतं छप्पर, टोकदार कमानींच्या खिडक्या, त्यांना तांबड्या-निळ्या काचा, बग्गी उभी राहील एवढा पोर्टिको, मागं लोखंडाचा गोल जिना. आणि हॉलमध्ये चक्क फायरप्लेस! हैदराबादेत थंडी म्हणजे आठ दिवस शाल, आणि साहेबानं भिंतीत शेकोटी बांधलेली. त्याच्यानंतर आलेल्या जागीरदारांच्या घरात त्या कोनाड्यात हुक्के ठेवत. आमच्या आईनं पहिल्या दिवशी गोमूत्र शिंपडून तो कोनाडा धुतला आणि त्यात देव मांडले. उदबत्तीचा धूर थेट धुराड्यातून वर जायचा. “आपल्या देवांना इतकं हवेशीर घर कधी मिळालं नव्हतं,” असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

जागीरदारांकडे सून म्हणून आली ती दुल्हन पाशा. हैदराबादच्या बड्या मुसलमान घरांत सुनेला लग्नाच्या दिवशी दुल्हन पाशा म्हणायला लागतात, आणि ती साठीची होऊन विधवा झाली तरी दुल्हन पाशाच राहते. आम्ही पाहिली ती अशी, पांढऱ्या कपड्यांतली, ठेंगणी, पान खाऊन ओठ लाल झालेली.

मागच्या अंगणात, मुलांच्या खोलीच्या खिडकीखाली, एक लहान कबर होती. साहेबाची मुलगी, तीन वर्षांची होऊन वारलेली. मेमनं तिला लांब कबरस्तानात नेऊ दिलं नाही, असं पाशा सांगायची. वर काळा दगड होता, दीड हात रुंद, अडीच हात लांब. त्याची वरची बाजू घोटून गुळगुळीत केलेली, तिच्यावर इंग्रजीत चार ओळी. त्यातलं नाव मला अजून पाठ आहे. ते मी इथे लिहीत नाही, मला तो हक्क राहिलेला नाही.

साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा मेमनं पाशाच्या सासूकडून जबान घेतली होती, दर बड्या दिवशी, म्हणजे नाताळला, मुलीला फुलं वाहायची. सासूनं आपल्या मनानं त्यात दर जुमेरातला, गुरुवारी, एक चिराग लावायची भर घातली. सासू गेल्यावर ते काम पाशाकडे आलं. कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. घराबरोबर हा शब्द हातोहात येत होता.

पोलिस अ‍ॅक्शन झाली, जागिरी गेल्या, पाशाचे मुलगे कराचीला गेले. पाशा गेली नाही. तिनं घर विकलं आणि मलकपेटला भाच्याकडे राहायला गेली. घर घेतलं आमच्या बाबांनी. ते महसूल खात्यात होते. परभणीकडचा शेतीतला आपला वाटा त्यांनी विकला आणि बंगला घेतला. घाईनं विकणाऱ्याला घासाघीस करता येत नाही, आणि बाबांनी तिची घाई ओळखली नव्हती असं मी म्हणणार नाही.

किल्ल्या देण्याच्या दिवशी पाशानं बाबांना नाही, मला मागच्या अंगणात बोलावलं. मी मॅट्रिक झालेली, सगळं शिक्षण उर्दूतून, त्यामुळे तिचं-माझं बोलणं सरळ होत होतं.

“इसकू मैं जनी नहीं,” ती दगडावर हात फिरवत म्हणाली, “मगर चालीस बरस पाली हूँ. हर जुमेरात कू एक चिराग, बस. करते ना बेटा?”

“करूंगी, पाशा.”

“जबान देओ.”

मी हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढली सहा-सात वर्षं मी एक गुरुवार चुकवला नाही, हेही लिहायला हवं. आईची काही हरकत नव्हती. गुरुवार दत्ताचा. “दत्तापुढच्या दोन पणत्यांतली एक तिकडे ठेव,” ती म्हणायची, “लेकराला काय, उजेड पाहिजे.” आजारी असले तर माझ्याऐवजी माळी लावायचा. तो माळी घराबरोबरच आलेला होता, जागीरदारांच्या काळापासूनचा, तेलुगू बोलणारा, अगदी कमी बोलणारा.

बड्या दिवशी पाशा पडदा लावलेल्या रिक्षातून यायची. चमेलीचे हार आणि एक केक आणायची. आई केक दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि अंडं असतं म्हणून मोलकरणीला देऊन टाकायची. मी मात्र स्वयंपाकघराबाहेर उभी राहून खायची. पाशाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. तरी ती मागच्या व्हरांड्याच्या तिसऱ्या खांबापासून पावलं मोजत नेमकी दगडाशी थांबायची.

मग हैदराबाद राज्याची वाटणी झाली. भाषेप्रमाणे तीन तुकडे होणार, हे वर्तमानपत्रात वाचताना आम्हाला फार चांगलं वाटलं होतं. मराठी मुलूख मराठीत जाणार म्हणून बाबांनी पेढे वाटले. आपणही त्या वाटणीतलं सामान आहोत, हे नंतर कळलं. कचेऱ्यांत फायलींचे गठ्ठे बांधले जात होते, मराठवाड्याचे एकीकडे, कर्नाटकात जाणारे दुसरीकडे, आणि गठ्ठ्यांबरोबर माणसं. बाबा मुंबई राज्याच्या वाट्याला गेले. औरंगाबादला हजर व्हा, असा हुकूम आला. हैदराबाद नव्या आंध्र प्रदेशाची राजधानी झालं आणि किनाऱ्याकडच्या आंध्रातून घरं शोधणारे लोक यायला लागले. पाशाला जी घाई होती ती आता आम्हाला आली.

त्यात माझं लग्न. मला चोविसावं लागलं होतं, दोन ठिकाणं मोडली होती, सुलतान बाजारातल्या शाळेत मी शिकवत होते आणि शिक्षकांच्या खोलीतल्या बायका माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या होत्या. तिसरं ठिकाण औरंगाबादचं. मुलगा मला आवडला होता. त्याच्या वडिलांना माघातला मुहूर्त हवा होता आणि लग्न घर विकल्याशिवाय होणार नव्हतं. आईवडिलांसाठी केलं असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं नाही. मला लग्न करायचं होतं, आणि त्या मुलाशीच करायचं होतं.

गिऱ्हाईकं आली. सुलतान बाजारातला एक कापडवाला सगळं घर हिंडला, काचा वाजवून पाहिल्या, फायरप्लेसमधल्या देवांना हात जोडले. मग मागच्या अंगणात गेला. कबर पाहिली, पाणी मागितलं, प्यायला, आणि गेला तो गेलाच. दुसरे एक डॉक्टर होते. त्यांना चालत होतं पण बायकोनं दारातच बसकण मारली. गल्लीत बातमी व्हायला किती वेळ लागतो! महिन्याभरात आमच्या पोर्टिकोपर्यंतही कुणी येईना.

बाबा तोवर औरंगाबादला हजर झाले होते. तिथून त्यांचं पत्र आलं. गुंटूरकडचा एक कंत्राटदार अमुक दिवशी घर पाहायला येईल, सज्जन माणूस आहे. शेवटी ओळ होती, ‘कबरीची गोष्ट आधीच स्पष्ट सांगणे. नको म्हणाले तर राहू दे, लग्न पुढे ढकलू.’ बाबांची ती ओळ मी दोनदा वाचली. पुढे ढकलू, हे त्यांनी किती सहज लिहिलं होतं! मला त्यांचा राग आला. तो राग होता म्हणूनच मी पुढचं करू शकले.

माळ्याला मी म्हटलं, दगड काढायचा, पहार आण. त्यानं पहार आणली, दगडाशी टेकून ठेवली आणि म्हणाला, “नातोनि कादम्मा.” माझ्यानं होणार नाही, एवढंच. आणि तो फाटकाबाहेर जाऊन बसला.

मग मी आणि आईनं तो काढला. आई आधी नको म्हणत होती. मी म्हटलं, “आपण तिला हलवत नाही आहोत. ती आहे तिथंच राहणार. दगड तेवढा बाजूला.” आईनं पदर खोचला. दगड वाटला होता तितका जड नव्हता. आता ठेवायचा कुठे? फाटकाबाहेर टाकावा तर सगळा बरकतपुरा पाहणार. विहिरीत ढकलावा तर पाणी प्यायचं होतं. आणि मग मलाच सुचलं. विहिरीच्या कट्ट्याशी धुण्याचा दगड नव्हताच, आम्ही फरशीवर कपडे आपटायचो. याची खालची बाजू खरखरीत होती, धुण्याला अगदी हवी तशी. आम्ही तो लोळवत नेला आणि अक्षरं खाली करून बसवला. रिकाम्या जागी मी झेंडूची रोपं लावली. संध्याकाळी आईनं त्या दगडावर पहिलं लुगडं धुतलं, दगड नवा दिसू नये म्हणून.

कंत्राटदार आले, धोतर, पांढरा शर्ट, कपाळाला कुंकू. बरोबर वास्तू पाहणारे एक गृहस्थ होते. त्यांनी होकायंत्राचा काटा जुळवला, दिशा पाहिल्या, फायरप्लेसमधले देव ईशान्येला आहेत म्हणून खूश झाले. निघताना कंत्राटदार पोर्टिकोत थांबले. गल्लीतली बातमी त्यांच्या कानावर आलीच होती.

“लोक काहीबाही बोलतात,” ते तेलुगूत म्हणाले. “कंपाउंडलो समाधि एदैना उंदा अम्मा?”

आवारात एखादी कबर आहे का, असं विचारत होते. मला तेलुगू तोडकंमोडकं यायचं, पण नाही कसं म्हणायचं ते पक्कं ठाऊक होतं, तेही अदबीनं.

“लेदंडी,” मी म्हटलं.

ते हसले. “आप टीचर हैं. आप बोले तो बस.”

बाबांना मी पत्र लिहिलं, सर्व सांगितले, त्यांची हरकत नाही. बाबा पुढं पंचवीस वर्षं जगले. कुणी सचोटीवर बोलायला लागलं की ते आमच्या घराची गोष्ट सांगत. अंगणात कबर होती, दोन-दोन गिऱ्हाईकं परत जातील तर जावोत, पण आम्ही खरं सांगूनच घर विकलं. सांगताना माझ्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, “हिनं सांगितलं.” मी त्या वेळी चहा आणायला उठायची.

ताबा देण्याआधी आठ दिवस बडा दिन आला. मी तो विसरले होते असं नाही. पाशाला निरोप पाठवून येऊ नका म्हणावं, असं रोज ठरवायची आणि रोज टाळायची. फाटकाशी पडद्याची रिक्षा थांबली तेव्हा हॉलमध्ये पेट्या बांधून ठेवलेल्या होत्या.

पाशाची नजर वर्षभरात आणखी गेली होती. पेट्यांना ठेचकाळत ती मागं गेली. तिसरा खांब, तिथून पावलं. नेमकी जागेवर थांबली आणि खाली बसली. हार मांडीवर ठेवला आणि हातानं जमीन चाचपली. हाताला माती लागली. झेंडूचं एक रोप लागलं. तिनं पुन्हा चाचपलं, जरा पुढं, जरा बाजूला, लहान मुलानं अंथरुणात आई शोधावी तसं.

“बेटा, पत्थर?”

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. विहीर वीस हातांवर होती आणि दगडावर आईनं सकाळीच वाळत टाकायची चादर पिळून ठेवली होती. मी म्हटलं, “पाशा, ले गए. उसके लोगां आए थे, विलायत से चिट्ठी लेके. बच्ची को भी ले गए, पत्थर भी. नारायणगुडा के कबरस्तान में. बहुत इज्जत से ले गए.”

एकदा बोलायला लागले आणि ते आपोआप सुचत गेलं. पाद्री होते, फुलं होती, असंही मी सांगितलं.

ती ओरडेल, संशय घेईल, निदान रडेल असं मला वाटलं होतं. रडली ती, पण आनंदानं. “अपने लोगां आके ले गए,” ती परत परत म्हणत होती. “इत्ते बरस के बाद भी याद रखे. मैं फिकर करती थी, मेरे बाद कौन देखता बोलके. अब मेरी फिकर गई.” तिनं तो चमेलीचा हार माझ्या गळ्यात घातला, माझ्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली आणि म्हणाली, “तुम्हारे हाथ से अमानत पहुँची. खुदा तुमकू औलाद दे.”

केक तिनं आईला दिला. आईनं नेहमीसारखा कपाळाला लावला. त्या वर्षी मी तो खाल्ला नाही.

माघात लग्न झालं. संसार चांगला झाला. दोन मुलं झाली, पाशानं दिली म्हणा हवं तर. औरंगाबादला सासरी गुरुवारी दत्तापुढं दिवा असायचा. तो मी जावेला लावायला सांगायची. मला सुटसुटीत कारणं खूप सुचायची, ते एक माझं कसब आहे.

नऊ-दहा वर्षांनी एका लग्नासाठी हैदराबादला चुलतभावाकडे गेले. एका दुपारी रिक्षा केली आणि नारायणगुड्याच्या कबरस्तानात गेले. का गेले, ते मला नीट सांगता येणार नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. फाटकाशी म्हातारा राखणदार बसला होता. एखाद्या लहान मुलीची कबर बाहेरून हलवून इथं आणली होती का, असं मी उगाच विचारलं. म्हणजे नाही हे मला माहीत होतं, तरी विचारलं.

तो माझ्याकडे टक लावून बघायला लागला. “आप भी वोइच पूछ रहे?” तो म्हणाला. “एक बेगमसाब आते थे, हर बडे दिन कू. आँखां नहीं के बराबर. बोले, बरकतपुरे से बच्ची कू लाए, कहाँ रखे बताओ. हम रजिस्टर देखे, पूरा देखे. नहीं है अम्मा बोले. तो मेरे पे गुस्सा होगए. बोले, जो बोली वो टीचरनी है, झूठ नहीं बोलती. तुम्हारा रजिस्टर झूठ बोलता.”

दोन वर्षं ती दर बड्या दिवशी येऊन दगडांवरून हात फिरवत हिंडली, असं त्यानं सांगितलं. बरोबर भाच्याची मुलगी असायची, ती नावं वाचून दाखवायची. तिसऱ्या वर्षी ती कंपाउंडच्या भिंतीशी असलेल्या एका लहान उंचवट्यापाशी थांबली. त्याला दगड नव्हता, नाव नव्हतं. पत्थर लगाते लगाते रह गया होगा, म्हणाली, आणि हार तिथं ठेवला. मग दर वर्षी तिथंच. गेली दोन वर्षं आली नव्हती. राखणदार म्हणाला, गुजर गए होंगे.

त्यानं मला तो उंचवटा दाखवला. कुणाचं तरी दुसरंच मूल. मी तिथं उभी राहिले आणि मला रडू आलं नाही, नुसती लाज वाटली, अंगभर. माझ्या शब्दावर तिनं सरकारी वहीला खोटं ठरवलं होतं.

तिथून मी थेट बंगल्यावर गेले. आज सांगायचंच, असं ठरवून गेले. कंत्राटदार कामावर होते. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं आणि हाताला धरून आत नेलं. फायरप्लेसमध्ये आता बालाजी होता. स्टीलच्या पेल्यात कॉफी आली. तिच्यापुढं मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा कॉफीची स्तुती केली. मग ती म्हणाली, चला, मागं आंबा लावलाय तो दाखवते.

विहिरीशी तिची सून कपडे धूत होती. दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता, त्यात साबणाचं पाणी साचलं होतं. बाई कौतुकानं म्हणाली, “तुमचा हा दगड फार चांगला. पण आता ही बाजू गुळगुळीत झाली, कपडा निसटतो. उलटून घ्यावा म्हणते. माणूस बोलावलाय रविवारी.”

देवानं यापेक्षा सोपं करून काय द्यायचं असतं? मी काहीच बोलायला नको होतं. नुसतं ‘घ्या उलटून’ म्हणून घरी जायचं होतं. रविवारी दगड उलटला असता, नाव वर आलं असतं.

“वद्दंडी,” मी म्हटलं. नको. “खालची बाजू मी पाहिली आहे, याहून वाईट आहे. यालाच टाकी लावून घ्या.”

तिनं मान डोलावली. टीचरचा शब्द होता.

पुढं कंत्राटदार गेले, मुलांनी बंगला पाडला, अपार्टमेंट आलं. दगडाचं काय झालं, मला माहीत नाही.

तर दोन पानं मी त्या पोराला लिहून पाठवली. इंजिनीअर, जागीरदार, आम्ही, कंत्राटदार. फायरप्लेसची गंमत, रंगीत काचा. आणि शेवटी, पाच-सहा ओळींत, मुलगी. तिथं कबर आहे, विहिरीच्या अलीकडे, मागच्या बाजूला, आणि तिच्यावरचा दगड काढला गेला. कुणी काढला ते लिहिलं नव्हतं. तेवढं धैर्य नव्हतं. पण ती आहे, हे तरी एकदा कागदावर यावं म्हणून मी ते लिहिलं. या वयात तेवढं तरी.

चार दिवसांनी त्याचा फोन आला.

“आजी, एकदम ए-वन लिहिलंस. कमिटीला आवडलं. फक्त ते बच्चीचं काढू का?”

“का?”

“अगं तिथे आता पार्किंग आहे. दोन फ्लॅट सेलला लावलेत, लोगां डरतात. कोणी विचारलं तर आम्ही नाही बोलतो, तसं काही नव्हतं.”

माझा पारा चढला. लहानपणापासून त्याला मी पाजलेले सगळे डोस जिभेवर आले. “गाढवा, तिथे मूल आहे,” मी म्हटलं. “माणसाचं मूल. तुमच्या फ्लॅटच्या किमतीसाठी ते नाही म्हणून सांगता? काही लाज?”

वाईट पोरगा नाही तो. मग अगदी साधेपणानं, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून, त्यानं विचारलं, “आजी, तुम्ही विकलं तेव्हा तुम्ही सांगितलं होतं का?”

साठ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बाबांनी नाही, नवऱ्यानं नाही, पाशानं तर नाहीच.

“नाही,” मी म्हटलं.

“मग?” तो म्हणाला.

तो पलीकडून आजी, आजी करत होता. शेवटी मी म्हटलं, “काढ.”